आठ फाल्गुन, एकवीस फेब्रुवारी

शिवजयंती तारखेनं करायची की तिथीनं, हा वाद इथं बसलेल्या प्रत्येकानं ऐकलेला असेल. आपण तो मिटवला नाही, दोन्ही दिवस साजरे करतो. बांगलादेशात असाच पेच एका शोकदिनाबद्दल पडला आणि त्या देशानं पंचांगातल्या महिन्यांचे दिवसच बदलले.

२१ फेब्रुवारी १९५२ला ढाक्यात बंगाली भाषेसाठी रस्त्यावर आलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, तेव्हा बंगाली पंचांगात ८ फाल्गुन १३५८ होता. पुढं पंचांगात सुधारणा झाल्या आणि २१ फेब्रुवारीला ९ फाल्गुन येऊ लागला. ज्या भाषेसाठी पोरांनी जीव दिला, तिच्याच पंचांगात त्यांचा दिवस चुकत होता. २०१९ साली वैशाख ते आश्विन महिने ३१ दिवसांचे झाले, फाल्गुन २९चा, बाकीचे ३०चे. आता २१ फेब्रुवारीला ८ फाल्गुनच येतो. २६ मार्चच्या स्वातंत्र्यदिनाला १२ चैत्र आणि १६ डिसेंबरच्या विजयदिनाला १ पौष, जसे १९७१ साली होते तसेच. एका दिवसाचा तर फरक, असं कुणी म्हणेल. पण घरात ज्यांनी श्राद्धाची तिथी सांभाळली आहे, त्यांना या एका दिवसाचं मोल सांगावं लागणार नाही.

मूळ प्रसंग थोडक्यात सांगतो. आजचा बांगलादेश तेव्हा पाकिस्तानचा भाग होता आणि पाकिस्तानात निम्म्याहून जास्त लोकांची भाषा बंगाली होती. तिला संविधान सभेत उर्दू-इंग्रजीच्या बरोबरीनं स्थान द्या, अशी मागणी सभेचे सदस्य धीरेंद्रनाथ दत्त यांनी फेब्रुवारी १९४८मध्ये केली. पुढच्याच महिन्यात जिनांनी ढाक्यात येऊन सांगितलं, राष्ट्रभाषा उर्दूच. चार वर्षांनी विद्यार्थ्यांनी जमावबंदी मोडली, मेडिकल कॉलेजजवळ पोलिसांनी गोळ्या झाडल्या. बरकत, रफीक, जब्बार, सलाम ही नावं तिथल्या लहान मुलांनाही पाठ असतात. विद्यार्थ्यांनी दोनच दिवसांत रातोरात स्मारक उभं केलं. २६ तारखेला पोलिसांनी ते पाडलं. नंतर हमीदुर रहमान आणि नोवेरा अहमद या कलावंतांच्या कल्पनेतून मोठा शहीद मिनार झाला, तोही १९७१ साली पाकिस्तानी लष्करानं उद्ध्वस्त केला. स्वातंत्र्यानंतर तो पुन्हा बांधला. मधला उंच, पुढं झुकलेला खांब म्हणजे आई, आजूबाजूचे खांब तिची मुलं, असं लोक सांगतात.

आता मला ज्यासाठी हा विषय घ्यावासा वाटला, तिथं येतो. एकवीस फेब्रुवारीसाठी त्या मिनारासमोरच्या रस्त्यावर आल्पना काढतात. आल्पना म्हणजे बंगालची रांगोळी, पण ओली. तांदूळ वाटून पाण्यात पातळ करायचे, चिंधी त्यात बुडवून मुठीत धरायची आणि बोटावरून ओघळणाऱ्या पांढऱ्या रेघेनं अंगणात नक्षी काढायची. आपल्या कोजागरीलाच त्यांची लक्ष्मीपूजा असते, तेव्हा दारापासून लक्ष्मीची पावलं अशीच उमटवतात. बायकांनी व्रतवैकल्यांसाठी जपलेली ही कला ढाक्यात चित्रकलेचे विद्यार्थी रंग घेऊन डांबरी रस्त्यावर उतरवतात. पहाटे त्या नक्षीवरून लोक अनवाणी चालतात, हातात फुलं, अंगात काळे-पांढरे कपडे. सुतकात आपण दारात रांगोळी काढत नाही. तिथं मेलेल्या मुलांसाठी रस्ताभर काढतात, जणू ती घरी यायची आहेत.

सणाचंही तसंच. पहिला वैशाख, म्हणजे बंगाली नववर्ष, हा मुळात दुकानदारांचा नव्या खातेवहीचा दिवस, हालखाता. १९६७पासून ‘छायानट’ ही संस्था त्या दिवशी सूर्योदयाला ढाक्यातल्या रमना बागेतल्या झाडाखाली गाणी म्हणू लागली, रवींद्रनाथांची गाणी मुख्य. त्याच वर्षी पाकिस्तान सरकारनं रवींद्रसंगीत रेडिओवरून हटवायचं ठरवलं. त्यामुळे नववर्षाला गाणं म्हणणं हीच ठाम भूमिका झाली. २००१ साली तिथं ऐन कार्यक्रमात बॉम्ब फुटले, माणसं मेली. पुढच्या वर्षी लोक पुन्हा त्याच झाडाखाली जमले.

एकवीसच्या प्रभातफेरीत जे गीत गातात, त्याची आजची चाल संगीतकार अल्ताफ महमूद यांनी बांधलेली. ३० ऑगस्ट १९७१ला पाकिस्तानी सैनिकांनी त्यांना ढाक्यातल्या घरातून उचललं. ते परत आले नाहीत. पहाटे मिनाराकडे निघालेला जमाव त्यांच्याच चालीवर पावलं टाकत जातो.