पिनकोड ४३१००१ ची चिरफाड: भागाकार कुठं थांबवायचा?

नमस्कार मंडळी. कमेंटमध्ये एकच प्रश्न परत परत येतोय, "मोठ्या संख्येचे अवयव पाडताना कुठपर्यंत भाग देत बसायचं?" म्हणून आज छत्रपती संभाजीनगरचा पिनकोड घेऊ, ४३१००१. लातूरकर, दमानं घ्या, तुमचाही नंबर लागणार आहे.

सोपं आधी उरकू. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ नं भाग जातो, आले ४७८८९. त्याची बेरीज ३६, परत ९ नं भाग, राहिले ५३२१. याची बेरीज ११, म्हणजे ३ चा विषय संपला. ३ एकूण चार वेळा निघाला.

खरी गोम इथून पुढं आहे. ५३२१ ला कुठपर्यंत तपासायचं? ७३ चा वर्ग ५३२९, म्हणजे ७१ पर्यंतच्या मूळ संख्या बस झाल्या. तरी निम्मे लोक ४३१००१ चं वर्गमूळ धरून ६५६ पर्यंत पळतात. कामून? वर्गमूळ उरलेल्या संख्येचं घ्यायचं! ७ × ७६० = ५३२०, बाकी १. ११ नं बाकी ८, १३ नं बाकी ४. १७ नं मात्र बरोब्बर ३१३.

आता ३१३, आणि वर्गमूळही नवं. १७ चा वर्ग २८९, १९ चा ३६१. म्हणजे १७ ला थांबा. १३ पर्यंतचे तपासायचे सुद्धा नाहीत. जे ५३२१ ला लागले नाहीत ते त्याच्याच तुकड्याला कसे लागतील? राहिला १७. १७ × १८ = ३०६, बाकी ७. ३१३ मूळ संख्या, खेळ खलास.

"पण वर्गमूळच का?" विभाजक जोडीनं येतात. जोडीतले दोघंही वर्गमूळापेक्षा मोठे असले तर गुणाकार संख्येच्या वर जाईल. म्हणजे एक तरी लहान असणारच, आणि तो वाटेतच सापडतो. तिसऱ्यांदा सांगतोय: एक अवयव निघाला की हद्द नव्यानं आखा.

हाती आलं ३ चा चौथा घात × १७ × ३१३. विभाजक किती? प्रत्येक घातांकात १ मिळवा: ५ × २ × २ = २०. काही जण ४ × १ × १ करून "चारच" लिहितात. अहो, ३ एकदाही न घेण्याचा पर्याय मोजायचा राहिला ना! तसं केलं तर १ हा विभाजकसुद्धा यादीतून गळतो.

आता गंमत. १७ = १६ + १ आणि ३१३ = १६९ + १४४. ब्रह्मगुप्ताच्या सूत्रानं दोन्हींचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज होतो, तोही दोन तऱ्हांनी: ६४ आणि ३५ चे वर्ग, नाहीतर ६१ आणि ४० चे. ३ चा चौथा घात म्हणजे ९ चा वर्ग, म्हणून प्रत्येकाला ९ नं गुणा. ५७६ चा वर्ग अधिक ३१५ चा वर्ग, झाले ४३१००१. ५४९ आणि ३६० घेऊनही तेच.

लातूर, ४१३५१२. ८ काढला की ५१६८९, ११ काढला की ४६९९, आणि ते ३७ × १२७. ३७ साठी छान कसोटी आहे: तीन-तीन अंकांचे गट मिळवा. ४१३ + ५१२ = ९२५, म्हणजेच ३७ × २५. विभाजक ३२, संभाजीनगरपेक्षा बारा जास्त. पण दोन वर्गांची बेरीज? जमणार नाही. ११ आणि १२७ ला ४ नं भागलं की बाकी ३ येते, आणि दोघंही एकेकदाच आलेत. असला एक जरी अवयव विषम वेळा आला तरी वाट बंद होते. इथं तर दोन आहेत.