संत्रा बर्फीच्या डब्यातले शब्द

(दृश्य : खिडकीतला कूलर. टेबलावर एक हात, हातात निळं पेन.)

मे महिना, दुपारचे दोन. नागपूरच्या धरमपेठेतल्या या अभ्यासिकेत एकही खुर्ची रिकामी नाही. हा जो घरघराट ऐकू येतोय, तो कूलरचा. चित्रीकरणापुरता बंद करा म्हणायची आमची हिंमत झाली नाही.

हात काटोलच्या एका मुलीचा आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम, घरी संत्र्याचा बगीचा, आता स्टाफ सिलेक्शनची, म्हणजे केंद्र सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी. ती लिहितेय ती चिठ्ठी जुन्या लग्नपत्रिकेतून कापलेली. एका बाजूला इंग्रजी वाक्य आणि वाक्यात एके ठिकाणी नुसती रेघ. चिठ्ठी उलटली की अर्धा गणपती, आणि त्याच्या सोंडेशेजारी रेघेवरचा शब्द : अबेट.

अर्थ कुठेच लिहिलेला नाही. तो मुद्दाम लिहिलेला नाही.

आधी ती सगळ्यांसारखीच शिकायची. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. आम्हीही तसेच शिकलो, आणि शाळेत पाठ केलेल्या त्या वह्यांमधला एकही शब्द आज बोलताना तोंडात येत नाही. अबेट म्हणजे कमी होणे, हे तिनं पाठ केलं. मग घरचंच उदाहरण घेऊन वाक्य केलं : द प्राइस ऑफ ऑरेंजेस हॅज अबेटेड. संत्र्याचे भाव कमी झाले.

"व्याकरण तर बरोबर होतं नं," ती सांगते. "तरी ताई हसून राहिली होती. मले समजेच ना, चुकलं काय."

(दृश्य : फळा. खडूनं लिहिलेले पाच शब्द.)

ताई म्हणजे इथं संध्याकाळी शिकवणारी एक माजी विद्यार्थिनी. तिनं इंग्रजी बाजूला ठेवलं आणि फळ्यावर मराठी लिहिलं. पूर, ताप, राग, वादळ, भाव. आता पाचही कमी करून दाखवा, म्हणाली.

पोरींनी एका दमात सांगितलं. पूर ओसरतो. ताप उतरतो. राग निवळतो. वादळ शमतं. भाव पडतात. भाव ओसरले असं कुणी म्हणालं नाही, राग पडला असंही नाही. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. घरात, बाजारात, एसटीत ऐकलेल्या हजारो वाक्यांतून ते आपोआप आत मुरलेलं होतं. इंग्रजीतला अबेट वादळाला चालतो, पुराला चालतो, रागाला आणि दुखण्यालाही चालतो. बाजारात भाव पडले की मात्र इंग्रज साधं फॉल म्हणतो. शब्द कोणाच्या सोबतीनं फिरतो, ते उजवीकडच्या रकान्यात मावत नाही. त्याला वाक्यच लागतं.

(दृश्य : बर्डी, म्हणजे नागपूरची सीताबर्डी बाजारपेठ. फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या चळती, विक्रेता फडक्यानं धूळ झटकतोय.)

बर्डीवर जुनी पुस्तकं विकणारे हे काका शब्दकोश वजनावर ओळखतात. त्यांच्याकडचा हा जाडा कोश, कव्हर गेलेलं, कोण्या कॉलेजचा शिक्का अर्धा पुसलेला. असले कोश तयार कसे झाले, ही गोष्ट चिठ्ठीपासूनच सुरू होते.

सॅम्युअल जॉन्सननं 1755 साली आपला इंग्रजी कोश काढला, तेव्हा शब्दांखाली लेखकांची वाक्यं दिली. लाखाहून जास्त. पुढे 1879 मध्ये जेम्स मरे या शिक्षकाकडे ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचं काम आलं. त्यानं जाहीर आवाहन केलं : पुस्तकं वाचा, शब्द ज्या वाक्यात भेटेल ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा आणि मला पाठवा. लोकांनी पाठवलं. गोण्या भरभरून पाठवलं. मरेच्या घरासमोर टपाल खात्याला खास पत्रपेटी बसवावी लागली. 1915 मध्ये मरे गेला, कोश पूर्ण व्हायला 1928 उजाडलं, आणि त्यात छापलेली अवतरणं निघाली 18 लाखांवर. निवडून उरलेल्या चिठ्ठ्या वेगळ्याच.

आपल्याकडेही हे घडलंय, फक्त उलट्या दिशेनं. मोल्सवर्थ हा साहेब मराठी शिकला आणि 1831 साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. 1857 च्या आवृत्तीत सुमारे 60 हजार शब्द. पानं चाळली की जागोजागी म्हणी, बोलण्यातले प्रयोग, कवितेच्या ओळी. साहेबाला जे कळलं होतं, ते आपल्या गाइडवाल्यांना अजून कळायचंय.

मग संगणक आला. 1980 च्या दशकात बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांनी कोट्यवधी शब्दांचा खराखुरा मजकूर यंत्रात घातला आणि एकेक शब्द कोणाशेजारी बसतो ते पाहिलं. 1987 मध्ये त्यातून कोबिल्ड कोश निघाला. सेट इन, म्हणजे सुरू होऊन ठाण मांडणं, हा इंग्रजांच्या रोजच्या तोंडातला प्रयोग. तो बहुतेक वेळा नकोशा गोष्टींसोबतच येतो, हे सिंक्लेअरना यातूनच दिसलं. कुजणं सेट इन होतं, निराशा सेट इन होते. आपलं ओढवणं आठवा. संकट ओढवतं. लग्न ओढवलं असं म्हणणारा माणूस एक तर विनोदी असतो, नाही तर नवरदेव.

(दृश्य : मिठाईचा डबा. आत पुठ्ठ्याचे पाच कप्पे.)

आता हा डबा. संत्रा बर्फीचा, बर्फी कधीच संपली. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकारानं 1972 मध्ये मांडली. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात. रेघेवरचा शब्द आठवला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात. चुकला की थेट पहिल्यात, मग ती चौथ्यात पोचलेली का असेना. पहिला कप्पा रोज उघडायचा, पुढचे दिवसाआड, आठवड्यानं, असे लांबत जाणारे.

एका शब्दाला चिठ्ठ्या तीन. पहिलं वाक्य कोशातून, जसंच्या तसं. दुसरं इंग्रजी पेपरातून, तारखेसकट. तिसरं स्वतःचं, आणि ते नागपुरातलंच हवं, हा ताईचा नियम. कॅमेरा जवळ नेला तर वाचता येईल : ईव्हन आफ्टर सनसेट, द हीट इन बर्डी डिड नॉट, रेघ.

नोटोरियसची चिठ्ठी बघा, कोपरे दुमडलेत. यादीतला अर्थ होता प्रसिद्ध. त्या भरवशावर एकीनं मुलाखतीच्या सरावात आपले सर विदर्भात नोटोरियस असल्याचं सांगितलं. सर समोरच बसले होते. कुप्रसिद्ध हा अर्थ तेव्हापासून कुणी विसरलेलं नाही. स्पेलिंग मात्र विसरतात.

परीक्षेत गाळलेल्या जागा येतात, समानार्थी शब्द येतात. गेल्या खेपेला या टेबलावरच्या दोघी पास झाल्या, तिघी राहिल्या.

(दृश्य : संध्याकाळ. खिडकीबाहेर पिवळा उजेड. हात चिठ्ठ्या उलटतोय.)

साडेसहा. ती चिठ्ठी समोर धरते, ओठ हलतात, मग उलटून बघते. अबेट तिसऱ्या कप्प्यात गेला. नोटोरियस परत पहिल्यात.

कूलरचा आवाज बदललाय, ऐका. टाकीतलं पाणी संपलं. आज भरायची पाळी तिची आहे.