गाडी फिरली नाही, तरी ऑइल म्हातारं होतं

श्रोतेहो, नमस्कार.

"मिस्त्री, वर्षभरात गाडी चार हजारसुद्धा फिरली नाही. सर्व्हिसिंग कशाला?" सांगलीत गॅरेज चालवणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्यानं ऐकलेलं असतंच. बोलणारा माणूस बहुधा निवृत्त झालेला असतो. गाडी चकाचक, सीटवरचं कंपनीचं प्लास्टिकसुद्धा अजून जागेवर. आपण गाडी जपली असं त्यांना मनापासून वाटत असतं, त्यामुळे खरं सांगताना जरा जिवावरच येतं.

गाडीबरोबर जी पुस्तिका मिळते, ती काढून बघा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांतलं जे आधी होईल ते, असं सर्व्हिसिंगचं वेळापत्रक असतं. काही गाड्यांना १५,००० किलोमीटर असतात, पण वर्षाची अट तिथंही असतेच. किलोमीटर सगळ्यांच्या लक्षात राहतात आणि महिने विसरले जातात. गंमत म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या घरगुती गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांना महिन्यांचीच अट आधी लागू होते.

आता यामागचं कारण बघा. विश्रामबागेतून गाडी काढली, मारुती रोडला खरेदी केली, परत घरी. जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर, तेही मध्ये थांबून. समोरचा तापमानाचा काटा मधोमध आला की इंजिन तापलं असं आपण धरून चालतो. पण तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा आहे. ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, आणि इंजिन थंड असलं की त्यातली थोडी वाफ पाणी होऊन ऑइलमध्ये उतरते. न जळलेलं पेट्रोलही पिस्टनच्या कडेनं खाली झिरपतं. लांबचा प्रवास झाला तर ऑइल नीट तापतं आणि हे दोन्ही उडून जातं. रोजच्या चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते आतच साठत राहतं. थंडीच्या दिवसांत अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडलं, तर खाली ताकावरच्या लोण्यासारखा पांढरट थर दिसतो. तो दिसला की बाकी काही विचारायची गरज पडत नाही.

याउलट साताऱ्याहून दर आठवड्याला पुण्याला जाणारा माणूस वर्षाला सहज दहा-पंधरा हजार किलोमीटर करतो. हायवेवर इंजिन एका चालीत चालतं, ऑइल तापलेलं राहतं. त्याच्या इंजिनाची तब्येत आपल्या निवृत्त मालकांच्या इंजिनापेक्षा चांगली निघते. हे सांगितलं की मालक थोडे नाराज होतात.

जुनी मंडळी याच्या अगदी उलट टोकाला असतात. अॅम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी चालवलेल्या माणसाला दर तीन हजारांना ऑइल बदलल्याशिवाय झोप येत नाही. त्या काळी ते बरोबरच होतं. कार्बोरेटर होता, पेट्रोल मोजून सोडणारी यंत्रणा नव्हती, ऑइल साधं होतं आणि इंधनात गंधक बरंच होतं. गंधक जळून आम्ल तयार होतं आणि ते ऑइलला खातं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ चं, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांचं इंधन आलं. त्यात दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग गंधक चालतं, आधीच्या बीएस ४ मध्ये ५० भाग चालत होतं. ऑइलही सुधारलंय. त्यामुळे हायवेवर धावणाऱ्या नव्या पेट्रोल गाडीचं ऑइल दर पाच हजारांना बदललं तर गाडीचं काही बिघडणार नाही, फक्त तुमचे पैसे जातील.

ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं, हाही असाच एक समज. डिझेल गाडीत नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंगापेक्षा पातळी बघा. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, ऑइल मोजायची काडी काढून पुसा, परत घाला आणि मग वाचा. बीएस ६ डिझेलवाल्यांसाठी यात एक खास गोष्ट आहे. त्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, आम्ही त्याला डीपीएफ म्हणतो. गाडी चालू असताना मधूनमधून जादा डिझेल सोडून ती काजळी जाळली जाते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत हे काम अर्धवट राहतं आणि ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं. मग काडीवर ऑइल वाढलेलं दिसतं. मालक खूश, की बघा, आपली गाडी ऑइल खात नाही! ऑइल वाढलेलं दिसलं की गाडी तशीच गॅरेजला आणा. ज्याचं रोजचं फिरणं चार किलोमीटरचं आहे त्यानं डिझेल गाडी घ्यावीच का, हा प्रश्न खरं तर शोरूममध्ये विचारायचा असतो.

पुस्तिकेत मागच्या बाजूला खडतर वापरासाठी वेगळा तक्ता असतो. धूळ, घाट, वारंवार छोट्या फेऱ्या, इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभं राहणं, हे सगळं त्यात येतं. तो तक्ता आपल्यासाठी नाही असं प्रत्येकाला वाटतं. जत, आटपाडी, माण, खटाव अशा धुळीच्या भागातल्या माणसानं तरी तसं म्हणू नये. उसाचा हंगाम सुरू झाला की वाळवा-पलूसकडच्या पाणंदींतून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागची धूळ खात गाडी चालते. अशा वेळी एअर फिल्टर ठरलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी भरतो. पिकअप कमी होतो, अॅव्हरेज पडतं आणि माणूस पेट्रोलपंपाला शिव्या देतो. हा फिल्टर बऱ्याच गाड्यांत चार क्लिपा काढल्या की हातात येतो, घरी बघता येतो. हवा मारायची तर आतून बाहेर मारा. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी घट्ट बसते.

घाटाबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय. ब्रेक ऑइलकडे कुणी बघत नाही, कारण ते संपत नाही. पण ते हवेतलं पाणी शोषून घेतं, गाडी उभी असली तरी. डॉट ३ प्रकारचं नवं ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. आता पाचगणीहून वाईला पसरणी घाटानं उतरताना, किंवा महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाटानं जाताना, गाडीत पाच माणसं, डिकीत सामान आणि पाय सतत ब्रेकवर. चाकाजवळचं ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. पेडल मऊ होऊन खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं. खर्च इंजिन ऑइल बदलण्यापेक्षा कमी येतो. आणि उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना, पाय अॅक्सिलरेटरवर नसेल तर इंजिनाला पेट्रोल जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला जातं.

बाकीचं पटकन सांगतो. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्यावी लागते, त्याची तारीख पाटीवर असते. टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीत पुस्तिकेतला आकडा उलटू देऊ नका, कारण अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व पिस्टनवर आपटतात आणि हजारांचं काम लाखाकडे जातं. फ्री सर्व्हिसमध्ये मजुरी फुकट असते, ऑइल-फिल्टरचे पैसे लागतात. आणि जॉब कार्डवर, म्हणजे गॅरेजच्या कामाच्या यादीवर, इंजिन फ्लश, कोटिंग, अमुक क्लीनिंग असं काही आलं, तर ते पुस्तिकेत कुठं लिहिलंय हे शांतपणे विचारा. बऱ्याचदा बिल तिथंच कमी होतं.

कमी फिरणाऱ्यांना मी एक सोपा हिशेब सांगतो. दसऱ्याला गाडीला हार तुम्ही घालताच, तर त्याच्या आधीच्या आठवड्यात वर्षाचं सर्व्हिसिंग उरकून घ्या. पावसाचा चिखल, ब्रेक, बॅटरी सगळं त्यात बघून होतं. पाडव्याच्या सुमाराला फक्त एअर फिल्टर, कूलंट आणि टायरची हवा तपासा, कारण तोवर उसाची धूळ खाऊन झालेली असते आणि पुढं उन्हाळा असतो.

शेवटचा मुद्दा फक्त आपल्या नदीकाठच्या लोकांसाठी. २००५, २०१९, २०२१, तिन्ही महापूर आपण पाहिलेत. गाडीत पाणी शिरलं असेल तर किलोमीटर आणि महिने, दोन्ही हिशेब बाजूला ठेवा. पाणी ओसरल्यावर लागते का बघू म्हणून चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढा, विम्यासाठी फोटो काढा आणि गाडी ओढून आणा. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, सगळे फिल्टर नवे घालायचे. गाडी सुरू झाली तरी काही दिवस चालवून इंजिनाचं ऑइल परत एकदा काढायचं, कारण पहिल्या फेरीत सगळं पाणी निघत नाही. नमस्कार.