सत्तरीला रिटायर केलं, तरी स्टॅग थांबले नाहीत

आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते अमेरिकेतले कॉलेज फुटबॉलचे कोच अमॉस अलोन्झो स्टॅग. जन्म १८६२चा, न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजचा, वडील चांभारकाम करायचे. आणि आधीच सांगतो, फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, लांबट बॉल छातीशी धरून पळायचा तो.

स्टॅग येल युनिव्हर्सिटीत गेले ते पाद्री व्हायला. तिथे बेसबॉलचे असे पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, झाले की प्रोफेशनल टीमवाले पैसे घेऊन मागे लागले, पण यांनी साफ नाही म्हटलं. पुढे लक्षात आलं की आपल्याला प्रवचन काही जमायचं नाही, मग म्हणाले पोरं घडवायचीच आहेत ना, मग मैदानावर घडवू.

१८९२ ला शिकागो युनिव्हर्सिटी नवीनच उघडली, तिचे प्रेसिडेंट हार्पर म्हणजे यांचे येलचेच सर, त्यांनी स्टॅगना कोच म्हणून बोलावलं आणि थेट प्राध्यापकाच्या दर्जाची पर्मनंट नोकरी दिली. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. त्या काळात एखादा जुना खेळाडू सीझनपुरता आणायचा, मॅचेस संपल्या की तो आपल्या घरी, अशीच पद्धत होती बऱ्याच ठिकाणी. इथे कोच म्हणजे मास्तर, बाकीच्या मास्तरांसारखाच.

आता १९०५ची मॅच सांगतो. समोर मिशिगन युनिव्हर्सिटी, त्यांचे कोच फील्डिंग योस्ट, १९०१ पासून ५६ मॅचेस हरलेले नाहीत. स्कोअर शून्य-शून्य. शिकागोच्या एकरसॉलने लांब किक मारली, मिशिगनच्या क्लार्कने ती आपल्याच गोलरेषेच्या मागे पकडली आणि तिथेच खाली बसायचं सोडून तो पळत बाहेर आला, तेवढ्यात शिकागोच्या पोरांनी त्याला धरून परत रेषेमागे रेटलं. त्याला म्हणतात सेफ्टी, दोन पॉइंट. २-०. संपलं, मिशिगनची चार-पाच वर्षांची मिजास उतरली. ना टचडाउन (बॉल घेऊन समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे जाणं) ना काही, एक किक आणि एक टॅकल, म्हणजे धरून पाडणं! माझ्या मते कोचिंग दिसतं ते अशाच ठिकाणी, किक मारली की मागे जीव तोडून धावायचं हे कुणीतरी रोज घोटून घेतलेलं असतं.

त्याच वर्षी मैदानावर मरणाऱ्या पोरांमुळे देशभर ओरड झाली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना मध्ये पडावं लागलं, आणि १९०६ पासून बॉल पुढे फेकायला परवानगी मिळाली. पुष्कळ कोच नाकं मुरडत बसले, स्टॅग मात्र लगेच पासचे नवे डाव बसवायला लागले. आणि पत्नी स्टेला, त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही, त्या मॅच बघत एकेक डाव कागदावर उतरवून घ्यायच्या.

४१ सीझन झाले आणि युनिव्हर्सिटीने सत्तरीला रिटायर व्हायचा नियम दाखवला. पुढे १९३९ ला तर शिकागोने फुटबॉलच बंद केला, आणि १९४२ ला त्याच स्टॅग फील्डच्या स्टँडखाली शास्त्रज्ञ फर्मींनी पहिली अणुसाखळी प्रक्रिया घडवली.

स्टॅग तोवर कॅलिफोर्नियात स्टॉकटनला, कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये. १९४३ ला, वय ८१, देशभरातल्या कोच लोकांनी त्यांना वर्षातला सर्वोत्तम कोच निवडलं. तिथूनही निघावं लागलं तेव्हा पेनसिल्व्हेनियात मुलाच्या टीमला मदत करायला गेले, मग स्टेलांची तब्येत बिघडली म्हणून परत स्टॉकटन, आणि तिथल्या ज्युनियर कॉलेजात नव्वदी ओलांडलेला हा माणूस पोरांना किक मारायला शिकवत होता. १९६५ ला गेले, १०२ वर्षांचे होऊन.