घशात कायतरी अडकल्यागत
(सांगलीत शिक्षक आणि हौशी नाट्यकलावंतांपुढे एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सूत्रसंचालन चालू होतं तेव्हा मी मागच्या रांगांतलं खाकरणं ऐकत होतो. एकाने सुरू केलं की शेजारच्यालाही घसा साफ करावासा वाटतो. यातल्या बहुतेकांना ताप नाही, सर्दी नाही. अशा धडधाकट माणसांच्या घशाबद्दलच मला आज बोलायचं आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी मराठी नाटक उभं केलं ते याच गावात. इथल्या माणसाने आवाजाची हयगय करावी याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दवाखान्यात पेशंट समोर बसतो, गळ्याच्या मधोमध बोट ठेवतो आणि सांगतो, "डॉक्टर, हितं कायतरी अडकल्यागत वाटतंय. थुंकून पडत न्हाई, गिळून जात न्हाई." मी विचारतो, "जेवताना अडकतं का?" तो थोडा विचार करतो. "न्हाई, जेवताना बरं असतंय." हे उत्तर ऐकलं की माझा निम्मा घोर जातो. भाकरी नीट उतरते आणि नुसती थुंकी गिळतानाच गोळा जाणवतो, तेव्हा आत काही अडकलेलं असण्याची शक्यता फार कमी. दुर्बिणीने पाहिलं की अशा घशात बऱ्याचदा मागच्या बाजूला थोडी लाली, थोडी सूज आणि स्वरतंतूंवर ओढलेली चिकट तार एवढंच दिसतं.

ही लाली येते कुठून? एक वाट खालून आहे. आपल्याकडे दुकान बंद करून घरी यायला नऊ-साडेनऊ, जेवायला दहा, आणि हात वाळायच्या आत अंथरूण. भरल्या पोटी आडवं झालं की जठरातलं आम्ल वर चढतं. अन्ननलिका ते थोडंफार सोसते, घशाचं अस्तर सोसत नाही. छातीत जळजळ झालीच पाहिजे असंही नाही, म्हणून लोकांना पटत नाही. सकाळी आवाज जड, तोंड आंबट, दिवसभर खाकरणं, एवढंच दिसतं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घाला, वीतभर उंची मिळाली तरी चालेल. दोन उशा घेऊन भागत नाही, त्याने पोटच दुमडतं. हळदीचं दूध जरूर घ्या, पण पेला संपवून लगेच आडवं होऊ नका.

दुसरी वाट नाकाची. नाक हवा गाळतं, कोमट करतं, ओलावा देतं. नाक चोंदलं की माणूस रात्रभर तोंडाने श्वास घेतो आणि पंख्याची कोरडी हवा थेट घशावर आदळते. पहाटे घसा दुखतो आणि चहानंतर तासाभरात बरा होतो, तर आधी नाक दाखवा.

तिसरी वाट आपल्या जिल्ह्याची. हळद पॉलिशला लागली की ड्रमभोवती पिवळा धुरळा उडतो. तिथे दिवसभर उभ्या राहणाऱ्याच्या रुमालावर तो दिसतो, तेवढाच घशातही जातो. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. तो वायू ओल्या अस्तराला लागला की आम्ल होतो, म्हणून शेडमध्ये शिरल्या शिरल्या ठसका लागतो. उसाचं पाचट पेटतं तेव्हा अंगणात काळी राख पडते. मिरची कांडताना घरातल्या बायका काय सोसतात, ते वेगळं सांगायला नको. रुमालाऐवजी चांगला मास्क वापरा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा. आणि मिश्री. आमच्या कितीतरी मावश्यांना ती तंबाखूच वाटत नाही. मावशी, ती तंबाखूच आहे.

एक कारण गोळ्यांच्या डबीत असतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांच्या नावाचा शेवट 'प्रिल' असा होतो: एनालाप्रिल, रामिप्रिल. त्यांनी काहींना कोरडा खोकला, घशात खवखव सुरू होते, तीही कधी काही महिन्यांनी. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील.

आता खाकरण्याकडे येतो, कारण मूळ कारण गेलं तरी ही सवय मागे राहते. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभराच्या वर, बाईचे दोनशेच्या आसपास वेळा एकमेकांना हलके टेकतात. खाकरताना ते धाडकन आपटतात. अस्तर दुखावतं, ते स्वतःला वाचवायला आणखी चिकटा सोडतं, तो टोचतो, आपण पुन्हा खाकरतो. एका शिक्षिकेला मी सांगितलं, औषध नंतर देतो, आधी खाकराल तेव्हा डायरीत एक रेघ मारा. पहिल्याच तासात ओळ भरली. बाई चकित झाल्या, त्यांना वाटत होतं दिवसात चार-पाचदा होत असेल. मग रेघेऐवजी घोटभर पाणी असं ठरलं. पाणी हाताशी नसेल तेव्हा नुसतं गिळायचं, किंवा काचेवर वाफ धरावी तसा आवाज न करता 'ह' सोडायचा. पहिला आठवडा त्यांना फार जड गेला. महिन्याभराने त्या आल्या तेव्हा पूर्ण वाक्य न अडखळता बोलल्या.

नाटकवाल्यांच्या खिशात ज्येष्ठमध असतो. एखादी कांडी ठीक. रोज सतत चघळलात तर रक्तदाब वाढू शकतो, पोटॅशियम घटू शकतं. पुदिन्याच्या गोळीने गार वाटतं, अस्तर भरून येत नाही.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला, थुंकीत रक्त, घास अडकणं, मानेत गाठ, एका बाजूच्या कानात कळ, विनाकारण वजन घटणं, यातलं एकही असेल तर आज मी सांगितलेलं घरी करत बसू नका. तंबाखू, मिश्री, विडी असेल तर एक दिवसही थांबू नका. दुर्बिणीने बघायला काही मिनिटं लागतात. उशिरा आलेल्या पेशंटच्या घरच्यांशी बोलताना मला दरवेळी त्या काही मिनिटांचीच आठवण होते.