पाळकाची पदव्युत्तर पदवी

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. ‘याला ठाण्याला भरती करा’ हा टोमणा तेव्हापासून गावोगाव पोचला आहे, आणि त्या टोमण्याच्या धाकाने माणसे डॉक्टरांची पायरी चढत नाहीत. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ती आधी पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, येतात. उपासना संपते, चपला घालता घालता कुणी आई हळूच म्हणते, “साहेब, जरा घरी येऊन जाल का?” घरी गेल्यावर कळते, तरण्याताठ्या मुलाने खोलीबाहेर येणेच सोडले आहे.

अशा वेळी नुसते उपदेशाचे शिक्षण अपुरे पडते. म्हणून पाळकीय समुपदेशनात पदव्युत्तर पदवी घेऊ पाहणाऱ्या तरुणांचे मला मनापासून कौतुक वाटते. सेरामपूर विद्यापीठाच्या पद्धतीत आधी बी.डी. ही ईश्वरविज्ञानाची पदवी, मग दोन वर्षांचे एम.टीएच., म्हणजे त्यातली पदव्युत्तर पदवी. पण प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट जरूर विचारा: रुग्णांशी प्रत्यक्ष बोलायला मिळेल का, आणि ते बोलणे तपासणार कोण?

या शिक्षणाचा प्राण तिथे आहे. अँटन बॉइझन हे पाळक स्वतः मनोरुग्णालयात राहून आलेले. १९२५ साली अमेरिकेतल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात त्यांनी ईश्वरविज्ञानाचे विद्यार्थी आणले. ग्रंथ वाचतो तितक्या लक्षाने माणूस वाचायला शिका, हा त्यांचा आग्रह. आजही विद्यार्थी वॉर्डातून परतला की झालेले संभाषण आठवून शब्दशः लिहितो. त्याला व्हर्बेटिम म्हणतात. समजा त्यात असे आहे: रुग्ण म्हणतो, ‘रात्री फार भीती वाटते.’ विद्यार्थी म्हणतो, ‘चला, प्रार्थना करू या.’ मार्गदर्शक तिथेच थांबवतात. भीती कशाची, हे का विचारले नाही? प्रार्थनेची गरज त्याला होती, की तुम्हाला त्या खाटेपासून सुटका हवी होती? सगळ्या गटासमोर असे प्रश्न झेलणे जड जाते. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर सगळे ठीक होते; बोलू लागले आणि बिघडले.

ही पदवी घेतली म्हणजे कुणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. जीव देण्याची भाषा कानावर आली, तर त्या माणसाला एकटे न सोडता मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायलाच हवे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो.

आणि मंडळ्यांना हात जोडून एक विनंती. पाळकाला शिकायला पाठवाल, तेव्हा घराघरातल्या प्रार्थनासभांचीही शिस्त बदला. विश्वासाने सांगितलेले दुःख पुढच्या सभेत ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून नावानिशी वाचले जाते. सांगणाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय ते नाव उच्चारू नका.