कागदावरचा वेळ: स्टीव्ह डिटको यांची पाच पाने

मित्रहो, सुपरहिरो कॉमिक्सचा शेवट कोणी फोडला म्हणून फारसे बिघडत नाही. नायक वाचणार आणि पुढच्या महिन्यात पुन्हा संकटात सापडणार, हे अंक हातात घेण्यापूर्वीच ठाऊक असते. तरीही आमच्यासारखे शौकीन तोच अंक पुन्हापुन्हा काढून बसतात, ते कशासाठी? माझे उत्तर असे आहे की, निश्चल कागदावर चित्रकार वेळ कसा मांडतो, कुठे ताणतो आणि कुठे आवळतो, हे पाहण्यात आमचा बहुतेक आनंद सामावलेला असतो. त्यासाठी आज मी मुख्यतः एकाच अंकाविषयी बोलणार आहे.

हा अंक म्हणजे फेब्रुवारी १९६६ ची तारीख असलेला, १२ सेंट किमतीचा ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा ३३ वा अंक. पीटर पार्कर, म्हणजेच मुखवट्याआडचा स्पायडर-मॅन, याच्या मे काकू मरणपंथाला लागल्या आहेत आणि त्यांना वाचवू शकेल असे औषध खलनायक डॉक्टर ऑक्टोपसच्या पाण्याखालच्या तळावर आहे. तिथपर्यंत पोहोचलेला स्पायडर-मॅन एका प्रचंड यंत्राखाली अडकतो. औषधाची नळी समोर, पण हाताच्या आवाक्याबाहेर पडलेली आहे आणि छतातून पाणी गळू लागले आहे. सांगायला गेले तर घटना एका वाक्याची: तो यंत्र उचलतो आणि सुटतो. अंकाचे चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी या एका वाक्याला अंकाची पहिली पाचेक पाने दिली आहेत.

ती पाने सावकाश पाहावीत. सुरुवातीच्या चौकटी लहान आणि दाटीवाटीच्या आहेत. यंत्राचा काळा भार प्रत्येक चौकटीवर वरून दाबून बसलेला आणि वाकलेली पाठ तळाशी चेपलेली, अशी रचना पुन्हापुन्हा येते. मध्येच नळी दिसते, मध्येच ठिबकणारे पाणी, मध्येच त्याच्या डोळ्यांपुढे येणारे दिवंगत बेन काका आणि मे काकू यांचे चेहरे. तो एकदा जोर लावतो आणि हरतो. पुन्हा जोर लावतो, तेव्हा यंत्राच्या हालचालीबरोबर चौकटीही मोठ्या होऊ लागतात, म्हणजे भार हलतो आहे हे शब्दांआधी पानाच्या मांडणीतूनच कळते. शेवटी पूर्ण पानभर एकच चित्र येते: यंत्र डोक्यावर पेललेले, अंग ताठ, चोहीकडे पाणी. आधीच्या पानांवर गुदमरलेल्या वाचकाला इथे अक्षरशः श्वास घ्यायला जागा मिळते.

यात आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. १९६२ साली डिटको यांनी या नायकाला दिलेला मुखवटा संपूर्ण चेहरा झाकणारा आहे. ओठ आवळणे, दात खाणे, डोळे मिटणे यांपैकी काहीही चित्रकाराला वापरता येत नाही. त्यामुळे सगळी वेदना मान, खांदे आणि बोटे यांच्यावर येऊन पडते. डिटको यांची बोटे ओळखू येण्याजोगी असतात, ताणलेली, काहीशी वेडीवाकडी. त्यांच्याच डॉक्टर स्ट्रेंज या जादूगार नायकाच्या मंत्रमुद्रांमध्येही तीच दिसतात. मुखवट्याने अडचण केली आणि त्या अडचणीतूनच अभिनय सापडला, असे मी म्हणेन.

श्रेयाचा वाद इथे टाळता येत नाही. त्या काळी या कॉमिक्सच्या प्रकाशकाकडे, म्हणजे मार्व्हलमध्ये, चित्रकार आधी अंक काढत असे आणि त्यावर संवाद नंतर लिहिले जात. या अंकाचे संवाद लेखक-संपादक स्टॅन ली यांचे असले, तरी कथानकाचे श्रेय डिटको यांच्याच नावावर छापलेले आहे. संवादांनी गोष्टीला ऊब दिली हे मान्य करूनही मला वाटते की, पूर्ण पानाच्या त्या चित्रावर संवादाचा एकही फुगा नसता तरी काही उणे झाले नसते.

मार्व्हलचेच दुसरे चित्रकार जॅक कर्बी यांचा वेळ मात्र निराळा. डिटको तो थेंबाथेंबाने गाळतात, तर कर्बी एकाच चित्रात त्याचा स्फोट करतात. १९६६ सालच्या ‘फँटास्टिक फोर’च्या ४८ ते ५० या अंकांत गॅलॅक्टस हा ग्रह गिळणारा महाकाय येतो, तेव्हा माणसे मुंगीएवढी होतात. अवकाशातील ऊर्जा दाखवण्यासाठी त्यांनी रूढ केलेले काळ्या ठिपक्यांचे पुंजके आजही नव्या चित्रकारांच्या हातून उतरत असतात.

याच दशकात कॉमिक्सचे चित्र कलादालनाच्या भिंतीवरही चढले. रॉय लिक्टनस्टाइन यांचे १९६३ चे ‘व्हॅम!’ हे लंडनच्या टेट संग्रहालयातील चार मीटर रुंदीचे चित्र, आयर्व्ह नॉविक यांनी १९६२ च्या एका युद्धकॉमिकसाठी काढलेल्या चौकटीवर आधारलेले आहे. चित्र म्हणून ते देखणे आहे, याबद्दल दुमत नाही. पण आधीची आणि नंतरची चौकट काढून घेतली की स्फोट तेवढा उरतो आणि त्याची वाट पाहणे नाहीसे होते. शौकिनाची तक्रार नॉविक यांचे नाव मागे पडल्याबद्दल असतेच. माझी त्याहून मोठी तक्रार ही वाट पाहणे नाहीसे झाल्याची आहे.

मांडणी बदलली की वेळ बदलतो, हे आपल्याकडच्या वाचकांनी नकळत अनुभवले आहे. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ पासून काढलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ (मूळचा फँटम) मराठीतही आला. ली फॉक यांचा हा नायक मुळात अमेरिकन वृत्तपत्रांत रोज तीन-चार चौकटींनी पुढे सरकणारा. रोजच्या पट्टीच्या अखेरीस उद्याची उत्सुकता लावून ठेवावी लागे, आणि त्याच पट्ट्या पुस्तकाच्या पानांवर एकाखाली एक लावल्या की दर तीन-चार चौकटींनी गोष्टीला एक हलका आचका बसतो. वेताळाच्या गोष्टीची ती धाप लागल्यासारखी चाल यातूनच येते, असे माझे मत आहे.

शेवटी छपाईविषयी. तेव्हाची कॉमिक्स स्वस्त, खरखरीत वृत्तपत्री कागदावर मोजक्या रंगछटांत छापली जात. हल्क पहिल्या अंकात करडा होता. तो करडा रंग छपाईत एकसारखा येईना, म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला. अशा कागदासाठी निवडलेले रंग आजच्या चकचकीत कागदावर जसेच्या तसे छापले की भडक दिसतात आणि डिटको यांच्या शाईच्या बारीक रेघा त्यांत बुडून जातात. पुनर्मुद्रण विकत घ्यायचे असेल तर शक्यतो निस्तेज, शोषक कागदावरचे घ्यावे, किंवा मूळ चित्रफलकांवरून केलेली कृष्णधवल आवृत्ती मिळाली तर तीच घ्यावी. डिटको यांनी स्पायडर-मॅनच्या पहिल्या कथेसाठी काढलेली मूळ पाने आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. २००८ साली कोणीतरी नाव गुप्त ठेवून ती त्या अंकातील इतर पानांसह, एकूण २४, तिथे देऊन टाकली.